भाडेकरूकडून जागा परत मिळवताना: कोल्हापुरातील नव्या घरमालकांसाठी मार्गदर्शक

कोल्हापुरात घरमालकपण बहुतेकांकडे ठरवून येत नाही. वडिलांच्या पश्चात मंगळवार पेठेतला वाडा चार भावंडांच्या नावावर चढतो आणि त्यासोबत तळमजल्यावरचा तीस-चाळीस वर्षांचा भाडेकरूही वाट्याला येतो. किंवा मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला गेल्यावर राजारामपुरीतला फ्लॅट रिकामा ठेवण्यापेक्षा भाड्याने दिलेला बरा, असा विचार होतो. पुढे भाडे थकते, जागेत परस्पर दुसराच कोणी दिसू लागतो किंवा मुदत संपूनही किल्ली परत येत नाही, आणि मग याला बाहेर कसा काढायचा हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर समोरचा माणूस आपल्या जागेत कोणत्या कागदाच्या आधारे बसला आहे यावर अवलंबून असते. कायद्याने निरनिराळ्या वाटा आखून दिल्या आहेत आणि चुकीच्या वाटेने गेलेला घरमालक काही वर्षांनी पुन्हा सुरुवातीलाच येऊन उभा राहतो.

पहिली पायरी: जागेत बसलेला माणूस कोण, ते ठरवा

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची जागा त्याने घेतली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना राज्यांकडे पाठवला होता. त्यामुळे भाडेकरूला आता झटपट बाहेर काढता येते, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. परंतु तो नमुना राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही आणि आपल्याकडची प्रकरणे १९९९ च्याच कायद्याने चालतात.

या कायद्याच्या नजरेने पाहिल्यास आपल्या जागेत तीनपैकी एक प्रकारचा माणूस असतो. पहिला संरक्षित भाडेकरू. महाद्वार रोड, गुजरी किंवा शिवाजी पेठेतल्या जुन्या मिळकतींत पावतीवर, पागडी देऊन किंवा नुसत्या तोंडी शब्दावर बसलेले बहुतेक जण यात मोडतात, आणि कलम १६ मधले एखादे कारण सिद्ध झाल्याशिवाय किंवा भाडे थकल्याशिवाय त्यांना हलवता येत नाही. दुसरा परवानाधारक, म्हणजे आपण ज्याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतो त्या कराराने ठरावीक मुदतीसाठी राहणारा. त्याची मुदत संपली की त्याचा हक्कही संपतो. तिसरा प्रकार कमी आढळतो पण मोठ्या जागांच्या मालकांनी तो लक्षात ठेवावा: बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या खासगी वा सार्वजनिक कंपन्या यांना कलम ३ नुसार भाडे कायद्याचे संरक्षण मिळत नाही. शाहूपुरीतल्या इमारतीत बँकेची शाखा असेल, तर तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाखाली करार संपुष्टात आणल्याची नोटीस देऊन साधा दिवाणी दावा करता येतो. करारात वेगळे काही ठरलेले नसेल आणि भाडेपट्टा महिनेवारी असेल, तर ही नोटीस पंधरा दिवसांची असते.

कागदावर ‘परवाना’ असे शीर्षक असले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. मुदत संपल्यावरही मालकाने तीच रक्कम वर्षानुवर्षे स्वीकारून ‘भाडे मिळाले’ अशा पावत्या फाडल्या असतील, तर प्रतिवादीचा वकील नेमक्या त्याच पावत्या न्यायालयात दाखल करतो आणि आपला अशील भाडेकरू आहे असा मुद्दा उभा करतो.

दुसरी पायरी: कुलूप, दिवा आणि पाणी यांना हात लावू नका

ही पायरी खरे तर न करण्याच्या गोष्टींची आहे, तरीही ती इतक्या वर घेतली आहे. कारण चांगली प्रकरणे बहुधा इथेच बिघडतात. भाडेकरू गावाला गेला असताना शटरवर आपले कुलूप चढवणे, मीटरची वायर काढणे, नळाचा कॉक बंद करणे किंवा तालमीतली चार पोरे सोबत घेऊन ‘समजावायला’ जाणे, हे सल्ले चहाच्या टपरीवर फुकट मिळतात आणि पुढे महागात पडतात.

कलम २९ नुसार वीज, पाणी, जिन्यातला दिवा, संडास यांसारख्या अत्यावश्यक सोयी मालकाने तोडणे किंवा अडवणे हा गुन्हा आहे, आणि भाडे थकले आहे हे त्यावरचे उत्तर ठरत नाही. भाडेकरू न्यायालयात अर्ज करून सोय पूर्ववत करण्याचा आदेश मिळवतो. कब्जाच हिसकावला असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा करू शकतो, आणि त्या दाव्यात मिळकत कोणाची हा प्रश्न न्यायालय पाहतच नाही. कायदेशीर मार्गाशिवाय कब्जा काढला गेला का, एवढेच पाहते. म्हणजे सहा महिने भाडे थकवणारा माणूस वादी होतो, आपण प्रतिवादी होतो आणि किल्ली सन्मानाने त्याच्या हातात परत जाते.

पोलिसांकडूनही वेगळी अपेक्षा ठेवू नये. थकलेले भाडे व संपलेली मुदत या दिवाणी बाबी आहेत आणि ठाण्यात तसे सांगितले जाते, ते चुकीचे नाही. धमकी, मारहाण किंवा तोडफोड झाली असेल तर मात्र त्याची तक्रार त्याच दिवशी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

तिसरी पायरी: कागद एकत्र करा

वकिलाकडे जाण्यापूर्वी घरातले कपाट उघडावे. सिटी सर्व्हेचा उतारा म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, महापालिकेच्या घरफाळ्याच्या पावत्या, खरेदीपत्र किंवा वाटणीपत्र, वारसनोंदीचा कागद, भाड्याचा मूळ करार, भाडे बँकेत जमा होत असेल तर खातेउतारा आणि भाडेकरूशी झालेला पत्रव्यवहार किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश हे सारे तारखेच्या क्रमाने लावावे. २०१९ च्या ऑगस्टमधील आणि २०२१ च्या जुलैमधील महापुरात तळमजल्यावरच्या ट्रंकांमधले कागद भिजून लगदा झालेली घरे नदीकाठच्या भागांत पुष्कळ आहेत. अशांनी उताऱ्यांच्या व नोंदणीकृत दस्तांच्या प्रमाणित प्रती काढून घ्याव्यात आणि सगळ्याची स्कॅन प्रत ठेवावी.

भाड्याच्या पावतीपुस्तकाकडे विशेष लक्ष द्यावे. पावती देणे कलम ३१ ने मालकावर बंधनकारक केले आहे, आणि तिचे स्थळप्रत पान हा आपल्या हातातला सर्वांत साधा पण टिकाऊ पुरावा असतो. त्या पानावर कोणत्या महिन्याचे भाडे, किती रक्कम, पाणीपट्टी किंवा अन्य आकार वेगळा का एकत्र, आणि भाडेकरूची सही एवढे असले पाहिजे. अनेक पुस्तकांत नुसती रक्कम व तारीख लिहिलेली असते, महिना नसतो. मग एप्रिलमध्ये मिळालेले पैसे जानेवारीचे की एप्रिलचे यावर उलटतपासाचा अर्धा दिवस जातो. महापुराच्या महिन्यांत अनेक मालकांनी माणुसकीने भाडे घेतले नाही. ती सवलत होती की नुसती मुदतवाढ, हे त्या वेळी एका ओळीत लिहून दोघांनी सही केली असती, तर नंतर त्या महिन्यांवरून थकबाकीचा वाद झाला नसता. जे आता सवलत देत आहेत, त्यांनी तरी ती ओळ लिहावी.

मिळकत भावंडांत सामाईक असेल, तर एका सहमालकालाही कब्जासाठी दावा करता येतो, मात्र इतरांची हरकत नसावी. प्रत्यक्षात बाहेरगावच्या भावंडांकडून कुलमुखत्यारपत्र घेऊन ठेवणे शहाणपणाचे, कारण भावकीतली फूट भाडेकरूला आपल्याआधी कळते. मूळ मालक वारले असतील, तर नवे मालक कोण व भाडे कोणाकडे द्यायचे हे भाडेकरूला लेखी कळवावे. भाडेकरूच वारला असेल, तर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय, आणि दुकान असेल तर तिथे धंदा करणारा कुटुंबीय, कायद्याने भाडेकरू ठरतो; म्हणून मयताच्या नावाने नोटीस काढण्याची चूक करू नये.

चौथी पायरी: कारण निवडा

संरक्षित भाडेकरूच्या बाबतीत सगळे प्रकरण या निवडीवर उभे राहते. भाडे फार कमी आहे हे कारण नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. पन्नास रुपयांत बाजारपेठेतला गाळा वापरला जात असल्याचे दुःख खरे असले, तरी त्यावर कायद्याने दिलेला उपाय एवढाच की कलम ११ नुसार दरवर्षी चार टक्के वाढ मागता येते. ती अनेक जण मागतही नाहीत.

भाडे थकणे हे कारण दिसायला सोपे असले तरी वापरायला अवघड आहे. कलम १५ नुसार थकबाकीची लेखी मागणी करणारी नोटीस बजावल्यानंतर नव्वद दिवस उलटल्याखेरीज दावाच करता येत नाही. दावा केल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने सर्व थकबाकी, त्यावर साल दरशेकडा १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला व पुढे दावा संपेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला, तर कब्जाचा हुकूमनामा देता येत नाही. म्हणजे कायद्याने त्याला दोन वेळा सुधारण्याची संधी दिली आहे. म्हणूनच जाणते वकील केवळ थकबाकीवर दावा उभा करत नाहीत. दुसरे खरे कारण उपलब्ध असेल तर तेही सोबत घेतात. थकलेली रक्कम मागतानाही एक मर्यादा आहे: दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांपलीकडचे भाडे मुदतबाह्य होते.

स्वतःच्या गरजेचे कारण, म्हणजे कलम १६(१)(जी), सर्वाधिक वापरले जाते. गरज वाजवी व प्रामाणिक असली पाहिजे. मुलाचे लग्न झाले आणि दोन खोल्यांत सात माणसे राहतात, मुलीला दवाखाना काढायचा आहे, वयामुळे जिना चढवत नाही म्हणून तळमजला हवा आहे, अशी ठोस हकीकत लागते आणि तिला कागदाचे पाठबळ लागते: शिधापत्रिका, पदवीचे प्रमाणपत्र, डॉक्टरांचा दाखला, घराचा नकाशा. आपल्या नावावर उचगावला दुसरा फ्लॅट आहे ही गोष्ट लपवू नये. प्रतिवादी ती शोधून काढतोच, आणि लपवलेल्या फ्लॅटपेक्षा लपवाछपवीच जास्त नडते. तो फ्लॅट या गरजेला का पुरत नाही, हे दाव्यातच लिहिले तर न्यायालय ऐकून घेते. याच कारणात तुलनात्मक अडचणीची कसोटी आहे. हुकूमनाम्याने भाडेकरूला मालकापेक्षा जास्त त्रास होईल असे वाटल्यास न्यायालय दावा नामंजूर करू शकते किंवा जागेच्या काही भागापुरताच हुकूम देऊ शकते. तेव्हा भाडेकरूच्या मालकीची दुसरी जागा कुठे आहे, त्या परिसरात पर्यायी गाळे मिळतात का, याची माहिती आपणच गोळा करून ठेवावी.

पोटभाडेकरू ठेवणे हे कारण बाजारपेठेत नेहमी आढळते. दुकानाची पाटी बदलते, गल्ल्यावर अनोळखी माणूस बसतो आणि मूळ भाडेकरू महिन्यातून एकदा भाडे द्यायला येतो. जागेचा एकट्याचा ताबा तिसऱ्या माणसाकडे आहे हे मालकाने दाखवले की तो कोणत्या नात्याने बसला आहे याचा खुलासा भाडेकरूला करावा लागतो. यासाठी पाटीची तारखेसह छायाचित्रे, त्या पत्त्यावरची जीएसटी नोंदणी, दुकाने अधिनियमाखालील नोंद आणि ग्राहक म्हणून घेतलेले बिल कामी येते. नोकर किंवा भागीदार असल्याचा बचाव हमखास घेतला जातो, त्यामुळे एका छायाचित्रावर विसंबू नये.

विनापरवानगी कायम स्वरूपाचे बांधकाम हेही कारण आहे, पण त्यातल्या अपवादांची यादी वाचल्याशिवाय त्यावर दावा करू नये. लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाकाचा ओटा, दरवाजा, जाळीकाम, खिडकी पाडणे, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र बसवणे किंवा धुराडे काढणे, ही कामे, जिथे लागते तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केली असतील, तर ती कायम बांधकाम समजली जात नाहीत. परसात पक्की खोली चढवणे ही गोष्ट वेगळी.

राहिलेली कारणे थोडक्यात सांगता येतील. दावा दाखल करण्यापूर्वीचे सलग सहा महिने जागा योग्य कारणाशिवाय ठरलेल्या वापरासाठी वापरली नसेल, तर तेवढ्यावर कब्जा मागता येतो, आणि तिथे वीजबिलातले युनिट साक्षीदारापेक्षा स्पष्ट बोलतात. उपद्रवाच्या कारणात त्रास लगतच्या रहिवाशांना झालेला असावा लागतो. म्हणून शेजारी साक्षीला येणार का, हे आधी विचारावे, कारण तक्रार करताना पुढे असणारे शेजारी समन्स निघाल्यावर मागे सरतात. पाडकाम व नवे बांधकाम या कारणासाठी मंजूर नकाशा आणि पैशांची तजवीज दाखवावी लागते. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा काढते. अशी नोटीस मिळालेल्या वाड्याचे प्रकरण वेगळ्या पद्धतीने हाताळावे लागते आणि त्यात भाडेकरूचे पुनर्बांधणीनंतरचे हक्क शिल्लक राहतात, हे विसरू नये.

पाचवी पायरी: नोटीस

नोटीस वकिलामार्फतच द्यावी असा कायदा नाही, तरी ती द्यावी हे उत्तम, कारण त्या दोन पानांतले प्रत्येक वाक्य पुढे दाव्यात आपल्याला बांधून ठेवते. जागेचे वर्णन सिटी सर्व्हे क्रमांक व चतुःसीमेसह असावे, थकबाकी कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत व किती दराने हे मांडलेले असावे, मागणी स्पष्ट असावी. फुगवलेली थकबाकी लिहून दबाव आणण्याचा मोह टाळावा.

२०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे, तेव्हा आता पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावे. भाडेकरूने पाकीट नाकारले आणि पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ते परत आणले, तर ते फोडू नये. बंद पाकीट, त्यावरचा शेरा, शिक्का आणि पाठवल्याची पावती हे सर्व जसेच्या तसे वकिलाकडे द्यावे. योग्य पत्त्यावर पाठवलेले आणि नाकारलेले पाकीट बजावले गेले असे न्यायालय धरू शकते, आणि ते बंद असण्यातच त्याचे मोल असते. व्यक्तिशः देणे किंवा घरातल्या माणसाकडे देणे शक्य नसेल, तर जागेच्या दर्शनी भागावर चिकटवण्याची तरतूदही मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ मध्ये आहे. ते करताना दोन माणसे सोबत ठेवावीत आणि छायाचित्र घ्यावे.

नोटिशीनंतर भाडेकरूने भाडे पाठवले तर काय करावे, हा प्रश्न हमखास येतो. ते परत करू नये. भाडे द्यायला तयार होतो पण मालकानेच घेतले नाही, हा त्याचा बचाव मग आयताच तयार होतो. ‘नोटिशीतील हक्कांना बाध न येता’ असे लिहून स्वीकारावे. त्याच सुमारास न्यायालयात कॅव्हेट दाखल करावे, कारण नोटीस मिळाल्यावर अनेक भाडेकरू मनाई हुकमासाठी धाव घेतात. कॅव्हेट नव्वद दिवस टिकते आणि तेवढ्या काळात आपले म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई मिळण्याची शक्यता राहत नाही.

सहावी पायरी: लिव्ह अँड लायसन्सची वेगळी वाट

राहण्यासाठी दिलेल्या जागेचा परवाना करार लेखी असेल आणि मुदत संपूनही परवानाधारक निघत नसेल, तर दिवाणी न्यायालयात जाण्याची गरज नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत परवानाधारकाने शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर अर्जातली विधाने त्याला मान्य आहेत असे धरले जाते. लेखी कराराला त्यातल्या मजकुराबाबत निर्णायक पुराव्याचा दर्जा आहे, म्हणून ‘कागदावर परवाना, प्रत्यक्षात भाडे’ असा बचाव इथे चालत नाही. मुदत संपल्यापासून कब्जा मिळेपर्यंत परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण आहे.

ही सोय फक्त निवासी जागेसाठी आहे. दुकानाचा गाळा लिव्ह अँड लायसन्सने दिला असेल, तर मुदत संपल्यावर दिवाणी दावाच करावा लागतो. हा फरक करार करतानाच सांगितला जात नाही, आणि करार छापून देणाऱ्या दुकानात तो विचारलाही जात नाही.

नवा करार करणाऱ्यांनी कलम ५५ पाठ करावे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडेकरार असो की परवाना, तो लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून वाईट म्हणजे लेखी नोंदणीकृत करार नसल्यास अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचे म्हणणे प्रमाण धरले जाते, जोवर ते खोटे ठरत नाही. खर्च पाहिला तर टाळाटाळीचे कारण समजत नाही. मुद्रांक शुल्क एकूण परवाना शुल्क आणि परत करावयाच्या अनामतीवर दरसाल दहा टक्के धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के आहे; दरमहा १०,००० रुपये, अनामत ५०,००० रुपये आणि मुदत अकरा महिने असेल तर ते तीनशे रुपयांच्या आसपास येते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी आधारच्या अंगठ्याने ऑनलाइन होते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणे हे याहून स्वतंत्र काम आहे आणि त्याने करार नोंदवला जात नाही.

सातवी पायरी: दावा, तडजोड आणि कब्जा

मुंबई, पुणे, नागपूरसारखे लघुवाद न्यायालय आपल्याकडे नसल्याने भाडेकरूविरुद्धचा दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे, म्हणजे कसबा बावडा येथील न्यायसंकुलात दाखल होतो. प्रतिवादीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, येते, मुद्दे निघतात, मालकाचे सरतपासाचे शपथपत्र दाखल होते आणि मग उलटतपास. या टप्प्यावर स्वतः मालकाने साक्षीला उभे राहणे श्रेयस्कर, कारण गरज ज्याची आहे त्यानेच ती सांगावी. मुखत्याराला मालकाच्या मनातली गरज सांगता येत नाही आणि उलटतपासात तो अडखळतो. दाव्याच्या काळात भाडे बुडत असेल तर ते न्यायालयात जमा करण्याचा आदेश मागावा.

तडजोडीकडे कमीपणा म्हणून पाहू नये. भाडेकरू एक वर्षात जागा सोडायला तयार असेल आणि मालक थकबाकी सोडायला किंवा हलण्याचा खर्च द्यायला तयार असेल, तर लोकअदालतीत तशी तडजोड करून निवाडा घ्यावा. त्याला हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील होत नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोडपत्रात जागा सोडण्याची नेमकी तारीख, तोवरच्या वापराची रक्कम आणि तारीख चुकल्यास दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावून कब्जा घेता येईल हे वाक्य असलेच पाहिजे. बाहेरच्या बाहेर स्टँप पेपरवर लिहून घेतलेल्या हमीला हे बळ येत नाही.

दावा मंजूर झाल्यावर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील होते. अपिलात स्थगिती देताना बाजारभावाने वाजवी भरपाई भरण्याची अट घालता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे, म्हणून परिसरातल्या गाळ्यांचे चालू भाडे दाखवणारे नोंदणीकृत करार तयार ठेवावेत. त्यापुढे उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालतात. मुंबईच्या फेऱ्या, तिथल्या वकिलाची फी आणि तारीख पुढे गेल्याचे संध्याकाळी कळणे, यांचा जाच उभय पक्षांना होता. तो कमी झाला. आता केवळ अंतरामुळे मालक थकेल या हिशेबाने वर जाणाऱ्या भाडेकरूलाही दुसरा विचार करावा लागेल.

हुकूमनामा हाती आला म्हणजे जागा हाती आली असे नाही. दरखास्त दाखल करून कब्जा वॉरंट घ्यावे लागते आणि बेलीफ जागेवर येतो. त्या दिवशी कुलूपवाला, दोन पंच आणि नवे कुलूप आपल्याकडे असावे. आतल्या सामानाची यादी बेलीफसमोर करावी, त्यातली वस्तू आपण उचलू नये, वीज मीटरचे रीडिंग लिहून घ्यावे आणि कब्जेपावतीवर सह्या झाल्याशिवाय दाराबाहेर पडू नये. अनामतीतून थकबाकी व बिले वजा करून उरलेली रक्कम त्याच आठवड्यात धनादेशाने परत करावी. कब्जा स्वतःच्या गरजेसाठी मिळाला असेल, तर कलम १७ प्रमाणे एक महिन्याच्या आत ती जागा वापरायला घ्यावी लागते आणि एक वर्षाच्या आत ती दुसऱ्या कोणाला भाड्याने देता येत नाही. तसे झाल्यास जुना भाडेकरू न्यायालयात जाऊन जागा परत मागू शकतो. तेव्हा रंगकाम किंवा दुरुस्ती करायची असेल, तर तिची बिले तारखेसह जपून ठेवावीत आणि वीजजोडणी पहिल्याच महिन्यात आपल्या नावावर करून घ्यावी.